वाजू दे, मग बघू

आमच्या मामाला लहान मुलांची भीती वाटायची. लोकांना कुत्र्यांची वाटते तशी. पाणंदीत समोरून एखादं पोर येताना दिसलं की तो गडग्याच्या दगडांना चिकटून उभा राहायचा आणि ते पुढे निघून गेल्यावरच पाऊल उचलायचा. माझ्या जन्मानंतर तो मला बघायला पनवेलला आला होता, ती गोष्ट आई नेहमी हसत सांगायची. दारातच नारळांची पिशवी ठेवलीन्, लांबूनच "छान आहे, छान आहे" म्हणाला आणि आल्या पावली एसटी स्टँडवर परत गेला. चहासुद्धा घेतलान् नाही. अशा माणसाच्या घरात देवाने एकदम दोन पोरं आणून टाकली. देवाला कळत नाही असं मी म्हणत नाही. पण माणसाचा स्वभाव बघून काम सोपवायची रीत त्याच्याकडे नसावी.

मामा गेला, त्याला आता दोन पावसाळे झाले. लग्न न करता गेला. करायचं नव्हतं म्हणून नव्हे. ते अगदी ठरल्यात जमा होतं, आणि मग आम्ही आलो. त्याच्याबद्दल काहीही आठवायला बसले की मी फिरून फिरून याच ठिकाणी येते. म्हणून ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

आई-बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते आणि धाकटा बालवाडीत. कुणाच्या तरी लग्नाहून परत येताना महामार्गावर गेले दोघं. त्याबद्दल जास्त लिहायचं नाही मला. दिवस झाल्यावर पनवेलच्या आमच्या घरात सगळे नातेवाईक बसले आणि आमचं काय करायचं याची बोलणी सुरू झाली. आत्या पुण्याची. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, स्वतःची दोन मुलं. ती म्हणाली, "मोठीला मी नेते. कामाला हाताशी होईल, शाळाही चांगली आहे. धाकट्याचं मात्र बघा बाई कुणीतरी." मग कुणी एका वसतिगृहाचं नाव काढलं. मामा कोपऱ्यात चटईवर बसला होता. तो एकदम म्हणाला, "जोडी फोडू नका. दोन्ही द्या."

दुकानात कप-बशी मागावी तसं म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर स्वतःच इतका घाबरला की उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. पण शब्द मागे घेतलान् नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बोर्ली पंचतनच्या एसटीत बसलो, आणि सबंध रस्ताभर तो आमच्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत होता.

मामाची सुपारीची वाडी होती. थोडे नारळ, आठ-दहा रातांबे, बाकी सुपारीच सुपारी. समुद्र वाडीच्या पाठीमागेच, पण मामा कधी तिकडे फिरकायचा नाही, म्हणायचा, "त्याचं त्याचं चालू आहे, आपण कशाला मध्ये जा." उतरवलेली सुपारी अंगणात वाळत टाकायची आणि ती पुरती वाळली की नाही हे कानाशी हलवून बघायचं. वाळलेलं फळ आतून खुळखुळ वाजतं. ओलं असलं तर मुकं राहतं. हे तिकडे सगळेच करतात, पण मामाची ती सवय सुपारीपुरती राहिली नव्हती. तो काड्यापेटी कानाशी धरून हलवायचा, औषधाची बाटली हलवायचा, अंडं हलवायचा, माझ्या वाढदिवसाला आत्याने पाठवलेला खोका उघडण्याआधी दोनदा हलवलान्. मला एकदा ताप आला, तर माझं डोकं दोन्ही हातांत धरून त्याला कान लावून बसला. मी म्हटलं, "मामा, काय करतोयस?" तर म्हणाला, "काही नाही, काही नाही, आपण झोपा."

आणि कसलाही प्रश्न आला की त्याचं उत्तर ठरलेलं. "वाजू दे, मग बघू." कौलं कधी परतायची? वाजू दे. टीव्ही कधी घ्यायचा? वाजू दे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कुणाला मत देणार? वाजू दे, मग बघू. कुवेतहून परत आलेले एक चाचा बोर्लीत सुपारीचा व्यापार करायचे, ते त्याला बाजारात हटकायचे, "क्या भाऊ, तुमच्या लग्नाचा खाना आमच्या नशिबात हाय का न्हाय?" मामा मान डोलवायचा आणि तेच म्हणायचा. चाचा बिचारे कपाळाला हात लावायचे.

वर मी "आपण झोपा" असं लिहिलंय, ती चूक नव्हे. मामा आम्हाला अहो-जाहो करायचा. मुलांशी बोलायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. पाहुण्यांशी बोलायचं कसं हे ठाऊक होतं. तेवढी एकच भाषा त्याच्याकडे होती, ती त्याने आम्हाला लावली. "आपण आंघोळ करून घेता का? पाणी तापलंय." "आपल्याला पिठलं चालेल का?" धाकटा जेमतेम कमरेएवढा, चड्डीचं बटण त्याचं त्याला लावता येत नव्हतं, आणि त्याला हा सव्वासहा फुटी माणूस वाकून विचारायचा, "आपल्याला शाळेत सोडायला येऊ का?" आम्ही मात्र त्याला अरे-तुरे. बघणारी माणसं पोट धरून हसायची.

पाहुण्यांची भाषा, तसा पाहुणचारही. ठेवणीतला टॉवेल आम्हाला. पहिलं गरम पाणी आम्हाला. पिठल्यावरच्या तेलाचा तवंग आमच्या ताटात. कुळथाचं पिठलं हा एकच पदार्थ त्याला येत होता, पण तो करताना रोज रात्री जणू प्रथमच करतोय अशा थाटात विचारायचा, "कसं झालंय?" माझ्या वेण्या घालायची पाळी आली तेव्हा त्याने सुंभ वळतात तसा माझ्या केसांना पीळ घातलान्. भुवया वर ओढल्या जाऊन मी दिवसभर चकित झाल्यासारखी दिसत होते. तो सुंभ संध्याकाळपर्यंत एका केसाने ढिला झाला नाही, हे मात्र खरं.

आम्हाला कधी रागावायचा नाही. कशालाही नाही म्हणायचा नाही. धाकट्याने एकदा चुलीत त्याचा चष्मा टाकला, तरी "असू दे, असू दे, आपल्याला चटका नाही ना बसला?" एवढंच. आणि अशी काही महिने वागणूक मिळाल्यावर एका सकाळी धाकट्याने आपली पिशवी भरली, पायात चपला घातल्या, पडवीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, खूप दिवस राहिलो. आता आम्ही घरी जाऊ?"

मामाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मीही रडायला लागले. मला कळत होतं की घर उरलेलं नाही, पण ते धाकट्याला सांगायचं कसं ते कळत नव्हतं. मामाने स्कूटर काढलीन् आणि तडक बाईंकडे गेला.

बाई बोर्लीच्या शाळेत शिकवायच्या. मूळच्या मुरूडच्या. बोर्लीत एका खोलीत भाड्याने राहायच्या आणि दर शनिवारी दिघीहून लाँचने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरून म्हाताऱ्या आईकडे जायच्या. त्यांचं आणि मामाचं जमलेलं सगळ्या गावाला माहीत होतं. त्यात चोरीछुपं काही नव्हतं. दोघंही वयाने तशी उशिराचीच, आणि त्या वर्षी सुपारी उतरली की मुहूर्त काढायचा असं दोन्हीकडून ठरलेलं. तेवढ्यात आम्ही. बाईंनी आम्हाला पहिल्यांदा जवळून पाहिलं ते दारात, तोंडं सुजेस्तोवर रडत बसलेली. त्यांनी धाकट्याची पिशवी उघडली, आतली खेळणी काढून फळीवर मांडली आणि मामाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, तुम्ही ओरडता का त्यांना?"

"छे छे! शब्दाने नाही दुखवलं."

"तेच तर चुकतंय. पाहुण्याला कुणी ओरडत नाही, म्हणून ती स्वतःला पाहुणे समजतात. घरच्या पोराला ओरडा बसतो. ओरडा त्यांना. एकदा ओरडलात की घर होईल त्यांचं."

मामाने हे अगदी मनावर घेतलं. आता ओरडायचं म्हणजे सराव हवा. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत जाऊन त्याने एका माडासमोर उभं राहून ओरडायला सुरुवात केलीन्. "काय चाललंय हे? लाज नाही वाटत? एवढा मोठा झालास!" बाजूच्या सुपारीवर आमचा बाबू गडी चढला होता. त्याला वाटलं आपल्यालाच. तो सरसर खाली उतरला आणि कमरेचा कोयता जमिनीवर टाकून म्हणाला, "मी काय केला न्हाय भाऊ, मना कशाला वरडतंस? उद्यापासून येनार न्हाय मी." मामाला त्याची समजूत घालता घालता संध्याकाळ झाली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं अगदी शहाण्यासारखी बसलो होतो. मी धाकट्याला गोष्ट सांगत होते. मामा समोर येऊन उभा राहिला, दोनदा घसा खाकरलान् आणि छपरावरचं मांजर पळून जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला, "काय चाललंय हे? झोपायचं नाव नको! उठ! पाय धू आणि अंथरुणात शीर, नाहीतर एक ठेवून देईन!"

आयुष्यात पहिल्यांदा "तू" म्हणाला. आम्ही गारठलो. धाकट्याने भोकाड पसरलं. मामाचा चेहरा तर आमच्याहून पांढरा. आणि मग रडता रडताच धाकटा थांबला, माझ्याकडे वळला, आणि तोंडभर हसून म्हणाला, "ताई, मामा ओरडला!" पळत जाऊन पाय धुऊन आला. पुन्हा कधी त्याने पिशवी भरली नाही.

पुढे मामा रागावला की "तू" म्हणायचा आणि लाडात आला की "आपण". मी कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींना हे समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ यायचे.

आम्हाला घर करून दिलं ते बाईंनी, हे मी कुणालाही सांगेन. वेण्या त्यांनी शिकवल्या. माझं न्हाणं त्यांच्या खोलीवर झालं. पिठल्याशिवायही जगात पदार्थ असतात हे आमच्या चुलीला त्यांनीच कळवलं. शनिवारी शाळा सुटली की मामा त्यांना दिघीला सोडायला जायचा, आणि आम्ही दोघं शेपटासारखी मागे. स्कूटरवर पुढे धाकटा उभा, मागे मी आणि बाई, आणि मध्ये मामा गुडघे पसरून. जेट्टीवर लाँच लागेपर्यंत बाई आम्हाला भेळ घेऊन द्यायच्या. लाँचमध्ये पाय ठेवण्याआधी मागे वळून मामाला एकच शब्द विचारायच्या, "मग?"

आणि मामा म्हणायचा, "वाजू दे."

पहिली वर्षं यावर दोघंही हसायची. आधी धाकट्याच्या कांजिण्या होत्या. मग माझी चौथीची परीक्षा. मग म्हणे पोर वयात येत्ये, आता घरात बदल नको. मग दहावी. बाई हसून मान हलवायच्या आणि लाँचमध्ये चढायच्या. ती आगरदांड्याला लागेपर्यंत मामा स्कूटरला टेकून उभा. आम्ही कंटाळून "चल ना रे" म्हणायचो, तरी हलायचा नाही. मग एका वर्षी बाई विचारायच्या थांबल्या. नेमकं केव्हापासून, ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. भेळ घ्यायच्या, धाकट्याची कॉलर नीट करायच्या, आणि सरळ फळीवरून आत जायच्या.

गावाला वाटायचं, मामाला जबाबदारी नको. आत्या तर स्पष्टच म्हणायची, "घोड्याला लगाम नको असतो, दुसरं काय!" मलाही बरेच दिवस तसंच काहीसं वाटत होतं. खरं कारण मला बाईंनीच सांगितलं. मी अलिबागला कॉलेजात होते आणि त्या पेपर तपासायच्या कामाला आल्या होत्या. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही मिसळ खायला बसलो आणि मी तोंड उघडून विचारलं, "बाई, तुमचं का नाही झालं हो?"

त्यांनी पाव मोडून रश्श्यात बुडवला. मग म्हणाल्या, "तुझ्या आईला आणि मामाला सावत्र आई होती, माहीत आहे ना?"

माहीत होतं. आई त्याबद्दल कधी बोलायची नाही, तरी माहीत होतं.

"मी एकदा त्यांना धरूनच बसवलं. म्हटलं, मी पोरांना हिडीसफिडीस करीन असं वाटतं का तुम्हाला? तर म्हणाले, नाही हो, तुम्ही फार चांगल्या आहात. मग म्हणाले, पण तीही चांगली होती. लग्न व्हायच्या आधी आमच्यासाठी खाऊ आणायची. मी आणि ताई तिची वाट बघत बसायचो."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "आता यावर मी काय बोलायचं, सांग? मी चांगली आहे म्हणूनच त्यांना माझी भीती. वाईट असते तर केलंही असतं त्यांनी लग्न."

आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनीही खाली बघून मिसळ खाल्ली. त्या दिवशी मला मामाचा इतका राग आला की वाटलं आत्ताच्या आत्ता गाडी पकडावी आणि जाऊन ओरडावं त्याला, माडासमोर नव्हे, तोंडावर. बाई कुठे आणि ती बाई कुठे! आमच्या दोन भावंडांवर त्याने जन्म उधळलान् आणि त्यात न विचारता बाईंचाही उधळलान्. आम्हाला सावत्र आई मिळू नये म्हणून आम्हाला आईच मिळू दिलीन् नाही. मी हे सगळं त्याला फोनवर सांगितलंही. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आपलं बरोबर असेल." आणि मग, "जेवलात का?"

मग ते मोठं वादळ झालं. त्या दिवसाबद्दल सगळ्यांनी सगळं सांगून झालंय, मी नवं काय सांगणार. एका दुपारीत आमची वाडी आडवी झाली. सुपारीचं झाड बारीक आणि उंच, त्याला मोडायला किती वेळ? बाई तेव्हा मुरूडला आईकडे होत्या. फोन बंद, रस्ते बंद. खाडीतून पहिली होडी सुटली तिच्यात बसून त्या दिघीला आल्या आणि तिथून पडलेली झाडं ओलांडत चालत आमच्या दारात. पिशवीत मेणबत्त्या, बिस्किटं आणि धाकट्यासाठी एक टॉर्च. मामा वाडीत एका आडव्या खोडावर बसला होता. त्यांना बघून उठला. आम्हाला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तर म्हणाला, "तुमची चप्पल तुटल्ये."

खाली बसला आणि सुंभाच्या तुकड्याने चप्पल बांधून देऊ लागला. बाई तशाच एका पायावर, त्याच्या खांद्याला धरून उभ्या. रडत होत्या. ते त्याला दिसत नव्हतं, कारण मान वर करून बघायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. पोरं मोठी झाली होती, सबबी संपल्या होत्या. तेवढ्यात आडवी वाडी त्याच्या मदतीला धावली. गाठ मारता मारता म्हणाला, "वाडी उभी राहू दे एकदा." सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, ते बाईंना सांगायची गरज नव्हती. नंतर मला म्हणाल्या, "त्या दिवशी नुसतं थांबा म्हणाले असते, तरी मी परत गेले नसते."

माझं लग्न ठरलं तेव्हा नवी रोपं गुडघ्याएवढी झाली होती. बाई त्याच सुमारास निवृत्त झाल्या. मुरूडची आई गेली होती, भाऊ ठाण्याला बोलवत होता. बोर्लीची खोली रिकामी केली, सामान टेम्पोने पुढे पाठवलं, आणि तुझ्या लग्नाला बसून मग निघते म्हणाल्या. मामाला हे माहीत होतं. मी स्वतः सांगितलं होतं, "मामा, या वेळी बाई खाडी ओलांडून परत यायच्या नाहीत." तो मांडवाच्या बांबूची गाठ परत परत सोडून बांधत राहिला.

लग्न आमच्याच अंगणात. मी हट्ट धरला होता की कन्यादान मामाच करणार. आत्याचा जीव खालीवर. "अगं, मी आणि तुझे काका आहोत की! तो मामा आहे, मामाचं काम तुला बोहल्यावर आणायचं. आणि कन्यादानाला जोडीदारीण लागते शेजारी, हे तुला कुणी सांगायचं?" मी म्हटलं, मला वाढवलं कुणी? यावर ती गप्प बसली. म्हणजे तेवढ्यापुरती.

गावचे जुने भटजी आजारी, म्हणून अलिबागकडून एक तरुण गुरुजी आले होते. त्यांना आमचा इतिहास-भूगोल काही ठाऊक नाही. त्यांनी समोर एक पिकल्या केसांचा माणूस बघितला, पोटच्यासारखी दोन मोठी मुलं बघितली आणि काय तो अंदाज बांधला. मामाने मामा म्हणून मला बोहल्यावर आणलं, अंतरपाट दूर झाला, आणि मग तोच पुन्हा बाप म्हणून पाटावर येऊन बसला. शेजारचा पाट रिकामा. गुरुजी म्हणाले, "वहिनी आलेल्या नाहीत का? हरकत नाही. कमरेला सुपारी लावा, तिच्या ठिकाणी सुपारी चालते शास्त्राला."

आत्या म्हणाली, "अहो गुरुजी, पण यांचं तर—" काकांनी तिला मोठ्याने पाणी मागितलं.

मामाने सुपारी घेतलीन्. सोवळ्याच्या निऱ्यांशी खोचलीन्. मांडवातल्या चार बायका हसल्या, कारण सुपारीच्या वाडीवाल्याला बायको म्हणून सुपारीच मिळाली, हा विनोद कुणालाही सुचण्यासारखा होता. मलाही हसू आलं. बाई दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर माझ्यासाठी आणलेला गजरा. त्याही हसत होत्या.

गुरुजींनी माईक पुढे ओढला. "संकल्पात उच्चार करायचाय. वहिनींचं नाव सांगा."

मामाच्या हातात पळी तशीच. गुरुजींना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं, "पत्नीचं नाव, पत्नीचं!" आता हा उठणार, मला कळून चुकलं, आता आत्या-काका बसणार आणि हा बिचारा सगळ्यांदेखत पाटावरून उतरणार. मी गुरुजींना सांगायला तोंड उघडलं.

आणि मामाने नाव सांगितलं.

बाईंचं. शाळेच्या पटावर असतं तसं पूर्ण, स्वच्छ. तोवर सगळ्या गावात त्यांना बाई सोडून कुणी काही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे मागच्या लोकांना पटकन कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांचे हसरे चेहरे तसेच राहिले. गुरुजींना कसली कल्पना? त्यांनी ते नाव मोठ्या सुरात संस्कृतात घोळवलं, मामा अमुक आपली पत्नी अमुक हिच्यासह कन्येचं दान करतो, आणि माईक चालू असल्यामुळे ते वाडीतून पार समुद्रापर्यंत गेलं. मामाने पाणी सोडलं. त्याचा हात स्थिर होता. माझ्या हातावर मात्र पळीतल्यापेक्षा जास्त पाणी पडलं, कारण मी रडत होते. दुसऱ्या रांगेकडे बघायची हिंमत त्यालाही झाली नाही आणि मलाही.

विधी आटोपले, पानं मांडायला सुरुवात झाली. मामा सोवळं बदलायला म्हणून आत गेला तो बाहेर येईना. बाई माझ्याजवळ आल्या. दिघीची लाँच गाठायची म्हणून जेवायला थांबत नव्हत्या. मी वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं आणि गजरा माझ्या वेणीत माळला. बराच वेळ माळत राहिल्या.

मी म्हटलं, "बाई, तो आत आहे. मी बोलावते त्याला. थांबा ना हो."

त्या थांबल्या. खरंच थांबल्या. आतल्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या, बाहेर पंगतीत एकच वाढप चाललं होतं, आणि मी दोनदा हाक मारली, "मामा, बाई निघाल्या." आतून कडी काढल्याचा आवाज आला नाही.

"राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी उचलली, पदर नीट केला. "हे नाव तू फ्रॉकात होतीस तेव्हा घ्यायचं होतं त्याने. आज घेतलंन्. आणि मी समोर बसलेली असताना सुपारीला दिलंन्."